दहशतवादाचा मुकाबला : लष्करी बळ, राजनय आणि ‘पराक्रम’चे दहा महिने



दहशतवादाला उत्तर लष्करी बळाने द्यावे की राजनयाने, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या निबंधात, सामान्य अध्ययनाच्या उत्तरपत्रिकेत आणि मुलाखतीच्या मंडळासमोर वर्षानुवर्षे विचारला जात आहे. त्याचे ठरलेले उत्तरही सर्वांना पाठ असते : दोहोंचा समतोल साधावा. हे उत्तर चूक नाही. परंतु त्यातून काहीच कळत नाही. समतोल कोणत्या मागणीसाठी, किती काळ आणि मागणी पुरी झाली की नाही हे कोणी तपासायचे, याचा उलगडा केल्याशिवाय तो शब्द पोकळ राहतो. म्हणून येथे तत्त्वांची यादी बाजूला ठेवून राजधानी दिल्लीत घडलेल्या एका घटनेचा आणि तिच्यानंतरच्या दहा महिन्यांचा विचार केला आहे. लष्करी बळ आणि राजनय ही दोन्ही साधने भारताने त्या काळात एकाच वेळी आणि पूर्ण ताकदीने वापरली. त्यांतून काय मिळाले आणि काय निसटले, हे आता पुरेशा अंतरावरून पाहता येते.

दि. १३ डिसेंबर २००१ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास गृह मंत्रालयाचे बनावट स्टिकर लावलेली एक पांढरी अँबेसिडर मोटार संसदेच्या आवारात शिरली. दोन्ही सभागृहांचे कामकाज थोड्याच वेळापूर्वी तहकूब झाले होते. अनेक मंत्री आणि खासदार अद्याप इमारतीतच होते. मोटार तत्कालीन उपराष्ट्रपती कृष्णकांत यांच्या ताफ्यातील वाहनावर आदळली आणि आतील पाच दहशतवाद्यांनी गोळीबार सुरू केला. पाचही जण मारले गेले. एकालाही आज संविधान सदन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वर्तुळाकार इमारतीच्या आत पाऊल टाकता आले नाही. परंतु त्यासाठी दिल्ली पोलिसांचे पाच जण, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कॉन्स्टेबल कमलेश कुमारी, संसदेच्या सुरक्षा सेवेतील जगदीश प्रसाद यादव व मातबर सिंह नेगी आणि बागेत काम करणारा एक माळी यांना प्राण द्यावे लागले. कमलेश कुमारी, यादव आणि नेगी यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

या हल्ल्यामागे लष्कर-ए-तैयबा आणि जैश-ए-महंमद या पाकिस्तानातील संघटना असल्याचे भारत सरकारने जाहीर केले. पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावयास हवी. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बसने लाहोरला गेले. त्याच वर्षी उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध झाले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले आणि प्रवाशांच्या बदल्यात कंदाहार येथे ज्या तिघांना सोडावे लागले, त्यांपैकी मसूद अझहर याने पुढच्याच वर्षी जैश-ए-महंमदची स्थापना केली. जुलै २००१ मधील आग्रा शिखर परिषद निष्फळ ठरली. १ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीनगर येथे जम्मू-काश्मीर विधानसभेवर हल्ला झाला. थोडक्यात, डिसेंबर उजाडेपर्यंत चर्चेचा मार्ग दोनदा चोखाळून झाला होता आणि दोन्ही वेळा हात रिकामेच राहिले होते. त्या वेळी दिल्लीत उसळलेला संताप समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी पुरेशी आहे.

सरकारपुढील पर्याय

सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीपुढे स्थूलमानाने तीन मार्ग होते. पाकव्याप्त काश्मीरमधील प्रशिक्षण तळांवर मर्यादित हल्ला करणे, हा पहिला. उघड युद्ध, हा दुसरा. युद्धाची पूर्ण तयारी दाखवून, प्रत्यक्ष युद्ध न करता पाकिस्तानला धोरण बदलण्यास भाग पाडणे, हा तिसरा. मे १९९८ पासून दोन्ही देश अण्वस्त्रधारी होते. शिवाय ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने अफगाणिस्तानात मोहीम सुरू केली होती आणि त्यासाठी तिला पाकिस्तानचे हवाई तळ हवे होते. म्हणजे ज्या देशावर दबाव आणावयाचा, तोच महासत्तेला त्या क्षणी आवश्यक वाटत होता. या परिस्थितीत सरकारने तिसरा मार्ग निवडला.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त परराष्ट्र व्यवहाराचे सहा गुण सांगितले आहेत : संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. त्यांपैकी ‘विग्रह’ आणि ‘यान’ हे वेगळे मानलेले आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून अनेकदा सुटते. विग्रह म्हणजे वैर पुकारणे. यान म्हणजे चालून जाण्याची सिद्धता. ‘ऑपरेशन पराक्रम’ हे आधुनिक भारताच्या इतिहासातील सर्वांत मोठे यान होते. ते विग्रहापर्यंत कधीच पोहोचले नाही.

या सिद्धतेबरोबरच राजनयाच्याही पायऱ्या चढल्या गेल्या. २१ डिसेंबर रोजी इस्लामाबादमधील भारतीय उच्चायुक्त विजय नंबियार यांना परत बोलावण्यात आले. १९७१ च्या युद्धानंतर असे प्रथमच घडत होते. १ जानेवारी २००२ पासून समझोता एक्सप्रेस आणि दिल्ली-लाहोर बस बंद झाली, दोन्ही उच्चायुक्तालयांतील कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्यावर आणण्यात आली आणि पाकिस्तानी विमानांना भारताच्या आकाशातून जाण्यास मनाई झाली. वीस फरारी आरोपींची यादी देऊन त्यांच्या हस्तांतरणाची मागणी करण्यात आली. (जुन्या दिल्लीतील ज्या कुटुंबांचे नातलग कराची-लाहोरकडे आहेत, त्यांच्यासाठी बस आणि आगगाडी बंद होणे हा त्या महिन्यांतला सर्वांत प्रत्यक्ष परिणाम होता. निर्बंधांची झळ प्रथम कोणाला लागते, हे अशा ठिकाणी दिसते.)

दरम्यान सैन्य हलू लागले. भारताने सुमारे पाच लाख सैनिक सीमेवर आणि नियंत्रण रेषेवर उभे केले. आक्रमणासाठी राखून ठेवलेली तीन कोअर मथुरा, अंबाला आणि भोपाळ येथे होती. त्यांना रणगाडे आणि तोफांसह पश्चिम सीमेपर्यंत पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागले. हे तीन आठवडे निर्णायक ठरले. सैन्य सज्ज होईपर्यंत पाकिस्ताननेही आपले सैन्य आणून बसवले आणि जगाच्या राजधान्यांतून मध्यस्थांची ये-जा सुरू झाली. २६ डिसेंबर रोजी अमेरिकेने लष्कर-ए-तैयबा आणि जैश-ए-महंमद यांना परकीय दहशतवादी संघटना घोषित केले. १२ जानेवारी २००२ रोजी जनरल परवेझ मुशर्रफ यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून या दोन्ही संघटनांवर बंदी घातली आणि पाकिस्तानची भूमी दहशतवादासाठी वापरू दिली जाणार नाही, असे सांगितले.

यानाचे पहिले फळ ते हेच. एक गोळीही न झाडता, चार आठवड्यांत, प्रतिस्पर्धी राष्ट्राच्या प्रमुखाकडून जाहीर शब्द मिळाला होता. भारताच्या अनेक अभ्यासकांच्या मते सैन्य माघारी घेण्याची सर्वोत्तम वेळ त्याच सुमारास होती, आणि या मताला बराच आधार आहे. परंतु शब्द खरा ठरतो की नाही, हे बर्फ वितळल्यावर, म्हणजे मे महिन्यात घुसखोरीच्या वाटा खुल्या झाल्यावरच कळणार होते. सैन्य तिथेच राहिले. बंदी घातलेल्या संघटना नव्या नावांनी काम करू लागल्या आणि त्यांचे स्थानबद्ध नेते काही महिन्यांत बाहेर आले.

कालूचक आणि दुसरा पेच

१४ मे २००२ रोजी जम्मूजवळील कालूचक येथे दहशतवाद्यांनी प्रवासी बस आणि सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत यांवर हल्ला केला. तीसहून अधिक लोक मारले गेले. त्यांत सैनिकांच्या पत्नी आणि मुले होती. ज्या जवानांना सीमेवर उभे केले होते, त्यांच्याच घरांवर घाव घातला गेला. पाकिस्तानचे उच्चायुक्त अशरफ जहांगीर काझी यांना दिल्ली सोडण्यास सांगण्यात आले. २२ मे रोजी पंतप्रधान वाजपेयी यांनी कुपवाडा येथे जवानांसमोर निर्णायक लढाईची भाषा केली. पाकिस्तानने त्याच महिन्याच्या अखेरीस एकामागून एक क्षेपणास्त्र चाचण्या घेतल्या.

या वेळी दिल्लीला एका वेगळ्याच गोष्टीचा अनुभव आला. ३१ मे रोजी अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला. ब्रिटनसह इतर देशांनीही तसेच केले. चाणक्यपुरीतील दूतावासांतून कर्मचाऱ्यांची कुटुंबे मायदेशी जाऊ लागली. पर्यटन, गुंतवणूक आणि परदेशी ग्राहकांवर अवलंबून असलेला माहिती तंत्रज्ञान उद्योग यांच्यावर चिंतेचे सावट आले. युद्धाची धमकी ही केवळ प्रतिपक्षावर दबाव आणते असे नाही. ती देणाऱ्याच्या बाजारपेठेवरही तिचा भार पडतो, आणि ज्याची अर्थव्यवस्था मोठी व जगाशी अधिक जोडलेली, त्याच्यावर तो अधिक पडतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेचे परराष्ट्र उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज इस्लामाबादला आणि तेथून दिल्लीला आले. घुसखोरी कायमची थांबवण्याचे आश्वासन मुशर्रफ यांनी दिल्याचे त्यांनी भारताला कळवले. भारताने हवाई बंदी उठवली आणि पुढे सरकलेल्या युद्धनौका मागे घेतल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जम्मू-काश्मीर विधानसभेची निवडणूक पार पडली. १६ ऑक्टोबर २००२ रोजी आंतरराष्ट्रीय सीमेवरील सैन्य मागे घेण्याचा निर्णय जाहीर झाला.

हिशेब मांडावयाचा तर तो संमिश्र आहे. वीस जणांच्या यादीतील एकही आरोपी त्या दहा महिन्यांत भारताच्या हाती आला नाही. लढाई न होताही सुरुंग पेरताना, ते काढताना आणि अपघातांत शेकडो जवान मृत्यू पावले वा जायबंदी झाले. हजारो कोटी रुपये खर्च झाले. पंजाब आणि राजस्थानच्या सीमेवरील शेतकऱ्यांना सुरुंगांमुळे आपल्या शेतात पाय ठेवता आला नाही आणि सरकारला त्यांना नुकसानभरपाई द्यावी लागली. दुसऱ्या बाजूला, पाकिस्तानच्या लष्करी शासकाला दोन वेळा जाहीर वा अधिकृत आश्वासन देणे भाग पडले आणि सीमेपलीकडील दहशतवाद हा जगाच्या चर्चेचा विषय झाला. अपयश असा एकच शिक्का मारणे म्हणून उतावीळपणाचे ठरेल.

खरी उणीव वेगळ्या जागी होती. उगारलेला हात फार काळ उगारलेला ठेवता येत नाही. तो दुखू लागतो, आणि समोरच्यालाही त्याची सवय होते. मोहीम सुरू करताना ती कोणत्या अटीवर थांबवायची, हे उघडपणे ठरलेले नव्हते. वीस आरोपी मिळाले की? घुसखोरी शून्यावर आली की? आणि ती शून्यावर आली, हे मोजायचे कोणी? आश्वासन मिळवण्याइतके बळ भारताकडे होते. ते पाळले जात आहे की नाही हे जगाला पटेल अशा रीतीने दाखवण्याचे साधन मात्र नव्हते.

यानंतरची घटना अनेकांना अनपेक्षित वाटते. सैन्य परतल्यानंतर सहाच महिन्यांनी, १८ एप्रिल २००३ रोजी, वाजपेयी यांनी श्रीनगर येथे पुन्हा मैत्रीचा हात पुढे केला. जुलैमध्ये दिल्ली-लाहोर बस सुरू झाली आणि शिवशंकर मेनन उच्चायुक्त म्हणून इस्लामाबादला गेले. नोव्हेंबरअखेरीस नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी लागू झाली. ६ जानेवारी २००४ च्या इस्लामाबाद येथील संयुक्त निवेदनात, पाकिस्तानच्या नियंत्रणाखालील कोणताही प्रदेश दहशतवादाला पाठबळ देण्यासाठी वापरू दिला जाणार नाही, असे मुशर्रफ यांनी लेखी मान्य केले. दहा महिने सैन्य उभे करून जे कागदावर आले नव्हते, ते सैन्य मागे घेतल्यावर आले. सैन्य उभे राहिले नसते तर ते आले असते काय, हा प्रश्न मात्र खुला राहतो, आणि परीक्षार्थीने तो तसाच खुला मांडावा.

पुरावा

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा ते निवेदन पाच वर्षांचेही झाले नव्हते. १६६ जणांचे प्राण गेले. या वेळी सरकारने सैन्य हलवले नाही. तत्कालीन परराष्ट्र सचिव हे तेच शिवशंकर मेनन होते. प्रारंभी आपण लष्करी प्रत्युत्तराच्या बाजूचे होतो, परंतु नंतर संयमाचा निर्णय अधिक लाभदायक वाटला, असे त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. या मताशी सहमत नसणारे पुष्कळ आहेत, आणि मुंबईकरांच्या मनातील असमाधान समजण्याजोगे आहे.

मात्र २००१ मध्ये नसलेली एक गोष्ट २००८ मध्ये भारताजवळ होती. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या शरीरावर गोळ्या झेलून अजमल कसाब याला निसटू दिले नाही, आणि एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. संसदेवरील हल्ल्यात पाचही हल्लेखोर ठार झाले होते. ते कोठून आले हे पाकिस्तान सहज नाकारू शकला. कसाबमुळे ते अशक्य झाले. जानेवारी २००९ मध्ये भारताने पुराव्यांची कागदपत्रे पाकिस्तानला सुपूर्द केली आणि फेब्रुवारीत तेथील गृहखात्याचे प्रमुख रेहमान मलिक यांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याचे मान्य केले. कसाबवर खुल्या न्यायालयात खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आली. या प्रक्रियेकडे विलंब म्हणून पाहणारे तिची राजनयिक किंमत विसरतात. संसद हल्ल्याच्या खटल्यातही उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दोघांची निर्दोष मुक्तता केली होती. आपल्याच नागरिकांना पुराव्याअभावी सोडणारे न्यायालय जेव्हा दुसऱ्याला दोषी ठरवते, तेव्हा त्या निकालाला परदेशातही वजन येते.

पुराव्याच्या बळावरचा राजनय धीम्या गतीने चालतो. जून २०१८ मध्ये पाकिस्तानचा समावेश आर्थिक कृती दलाच्या, म्हणजे एफएटीएफच्या, करड्या यादीत झाला आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत तो तेथे राहिला. याच काळात, १ मे २०१९ रोजी मसूद अझहर याचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत आले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये हाफिझ सईद याला दहशतवादाला अर्थसाहाय्य केल्याबद्दल पाकिस्तानी न्यायालयाने शिक्षा सुनावली. मुंबई हल्ल्याबद्दल मात्र नव्हे. जे रणगाड्यांना जमले नाही, ते बँकांच्या नियमांनी अंशतः करून दाखवले, आणि अंशतः हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

बळाचा वापरही या काळात बदलला. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीनंतर नियंत्रण रेषेपलीकडील लक्ष्यभेदी कारवाई, फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर बालाकोटवरील हवाई हल्ला आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाल्यानंतर ७ मे रोजी सुरू झालेले ‘ऑपरेशन सिंदूर’ या तिन्हींत ‘पराक्रम’चा अनुभव मुरलेला दिसतो. तयारीला आठवडे लागले तरी ती उघड केली गेली नाही. लक्ष्ये मोजकी होती. कारवाईबरोबरच तिची मर्यादाही जगाला सांगण्यात आली. ७ मे रोजीच्या निवेदनात कारवाई केंद्रित, मोजून-मापून केलेली आणि संघर्ष न वाढवणारी असल्याचे म्हटले होते. तरीही पुढील चार दिवसांत ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि तोफांचा मारा झाला, पूंछमध्ये सामान्य नागरिक मृत्युमुखी पडले आणि १० मे रोजी संघर्ष थांबला. मर्यादा एकाच पक्षाने ठरवून भागत नाही, हे या चार दिवसांनी दाखवले.

त्यानंतर भारताने सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळे तीसहून अधिक देशांत पाठवली. त्यांपैकी दोघांचे नेतृत्व महाराष्ट्रातील सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे यांच्याकडे होते. पहलगाममध्ये बळी पडलेल्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते, हेही येथे लक्षात घ्यावे. जुलैमध्ये अमेरिकेने ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ या संघटनेला दहशतवादी घोषित केले. सुरक्षा परिषदेच्या एप्रिलमधील निवेदनात तिचे नाव आले नव्हते.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना एक योगायोग उपयोगी पडेल. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता यांचे संवर्धन करण्यास सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा अनुच्छेद ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करतो. दोन्ही कलमे एकाच उत्तरात वापरता येतात, पण दुसऱ्याचा आधार घेताना हल्ला कोणी केला हे दाखवावेच लागते. दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या अद्याप जगाजवळ नाही. भारताने १९९६ मध्ये मांडलेला सर्वंकष कराराचा प्रस्ताव तिथेच अडलेला आहे. तोपर्यंत प्रत्येक घटनेत सिद्धतेचा भार पीडित देशावरच पडत राहतो.

मुंबई हल्ल्याच्या कटातील आरोपी तहव्वुर राणा याला शिकागोत २००९ मध्ये अटक झाली होती. भारत-अमेरिका प्रत्यार्पण कराराखाली त्याचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १० एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या बारा दिवस आधी, त्याला विमानाने दिल्लीत आणण्यात आले आणि संसदेपासून फार दूर नसलेल्या पतियाळा हाऊस येथील राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या विशेष न्यायालयासमोर उभे करण्यात आले.